अक्रोडाच्या पानांची धाप

निश, सोमवार

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, लग्नबिग्न ठरलेलं नाही. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हा कागद.

तुमची अक्रोडाच्या पानांची बाटली प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा आमच्या ल्युबिंकाबाईंनी बूच काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "विदा, हे औषध आहे की आहेर?" मी म्हटलं, बाई, आमच्या गावात रकिया, ही आलुबुखाराची घरगुती दारू, सगळ्यालाच लावतात, तापाला, गुडघ्याला, जावयाला. मग अक्रोडाची पानं तरी दुसऱ्या कशात मुरणार?

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. इन्शुलिन करणाऱ्या पेशी ताटलीत वाढवायच्या, झाडपाल्याचा अर्क थेंबभर द्यायचा आणि त्या किती ऑक्सिजन ओढतात, म्हणजे त्यांचा श्वास वाढतो की घटतो, ते यंत्रावर बघायचं. तुमच्या थेंबाने रेघ टुणकन वर गेली. मी फोन केला. तुम्ही विचारलंत, "वर की खाली?" मी म्हटलं, "वर, पण..." झालं! फोन बंद. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की झिवोयिनच्या पानांना विद्यापीठाने पसंती दिली, आणि तुमच्या दारात रिकाम्या बाटल्या घेऊन रांग लागली म्हणे!

तर आता त्या 'पण'पुढचं वाचा. आमच्यात एक रीत आहे. अर्क ज्यात मुरवला, ते नुसतंच शेजारच्या ताटलीला द्यायचं. तुम्ही ईस्टरला दिलेली रकिया माझ्याकडे होतीच, पानं न घातलेली. ती दिली, तर रेघ तेवढीच वर! म्हणजे पानांनी काडीचंही काम केलं नाही. शिवाय श्वास वाढला तरी इन्शुलिन जराही जास्त झालं नाही. पाव्लेकाकांच्या छपरावर चढून तुम्ही नुसती धाप टाकता आणि कौलं ते एकटेच बसवतात, तसला प्रकार. ल्युबिंकाबाई हसून हसून खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या. मीही खूप हसले.

मग काल मिलेवाआत्याचा फोन आला. माझ्या त्या 'वर'नंतर तुम्ही इन्शुलिनला हातच लावलेला नाही. टोचायची पेनं चीजच्या डब्यामागे दडवून ठेवली आहेत. बाबा, आमच्या प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी पेशींना त्यांचा श्वास थांबवणारं औषध देतात. तशी रीतच आहे. रेघ खाली येते आणि खालीच राहते. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. आज मात्र ती बघवेना, मी उठून बाहेर गेले. मला भीती वाटते हो. तुमच्याशिवाय माझं कोण आहे? शनिवारी येतेय. सुई माझ्यासमोर टोचून घ्यायची. हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण या वेळी वाक्य मी पुरं करणार. आणि रांगेतल्या मंडळींना सांगा, रकिया उत्तम आहे, पानं तेवढी काढून टाका.

तुमचीच हट्टी,
विदा