कावळ्याला दिलेला शब्द

कुर्ला, १९८८

प्रिय आई,

पत्राच्या वर 'श्री' लिहिलाय, बघितलंस ना? नाही लिहिला असता तर तू पत्र तसंच घडी घालून ठेवलं असतंस, मला ठाऊक आहे. आणि कुर्ल्याच्या या खोलीत 'श्री' लिहायला मला कुणी अडवलं नाही. अन्वर समोरच बसलाय, स्टोव्हला पिन मारतोय. मी काय लिहितेय ते त्याने विचारलं नाही. माझा चेहरा बघून कुणीच विचारलं नसतं म्हणा!

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. मी घाटकोपरला गेले होते. दादाने मला जेवायला बसू दिलं नाही, दारातूनच परत पाठवलं. तुझ्या दारातून, आई! भांडायचं ज्याच्याशी तो दार लावून बसलाय, म्हणून तुला लिहितेय. तू ऐकून घ्यायचीस. बोलायची काहीच नाहीस, पण ऐकून घ्यायचीस.

दहाव्याला काय झालं ते तुला माहीत असणार. सगळा खटाटोप तुझ्यासाठीच तर होता. तरी पुन्हा सांगते, कारण दादा ते विसरलाय. मला त्या दिवशी बोलावलं नव्हतंच. वहिनी तिथे होती, तिने मला मागाहून मार्केटात गाठून सगळं सांगितलं. पिंड ठेवला, कावळे समोरच्या चिंचेवर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! दादा हात जोडून उभा. "आई, गावच्या घराची कौलं परतून घेईन." कावळा नाही. "आई, जत्रेला दरवर्षी जाईन." नाही. "आई, सुमनशी नीट वागेन." वहिनी म्हणते, हे ऐकून मलाच हसू फुटलं, कावळ्याचं काय घेऊन बसलात!

भटजींचं पुढचं काम खोळंबलेलं. ते म्हणाले, "अहो, मनात काय राहिलं असेल त्यांच्या ते बोला, नाहीतर दर्भाचा कावळा करू." दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायचा, म्हणजे आई अतृप्त गेली हे चारचौघांत कबूल करायचं. दादाला ते कसं चालणार? त्याची इज्जत आहे ना चाळीत! तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "अहो, शैलाताईंचं बोला."

आणि दादा बोलला. डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आई, शैलीला घरात घेईन. तुझ्या वर्षश्राद्धाला ती आपल्या पंगतीत बसून जेवेल." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला, म्हणे. लोकांनी माना हलवल्या, भटजींनी पळी-पंचपात्र गोळा केलं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, असं मी अन्वरला ठणकावून सांगितलं आणि मग ढसाढसा रडले.

वर्षभर वाट बघितली गं. दादा आला नाही, निरोप नाही. मी मनाशी म्हटलं, असू दे, त्याने वर्षश्राद्धाचं कबूल केलंय, त्या दिवशी पाळेल. तुला दिलेला शब्द आहे. दुसऱ्या कुणाला दिला असता तर मी भरवसा ठेवला नसता.

काल सकाळी तू दिलेली जांभळी साडी काढली. इस्त्री अन्वरने केली. "काकींच्या घरी जातेस, चुरगळलेली नको," म्हणाला. नारळाची पिशवी घेऊन तो माझ्याबरोबर आला आणि चाळीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपाशी थांबला. वर चल असं मी म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. चार वर्षांत आम्ही दोघं एवढं शिकलोय.

आत पानं मांडली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, सगळं तुझ्या हातचं असायचं तसं. भिंतीकडेचं शेवटचं पान वहिनीने वाढून ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती रांगोळी काढली होती. ते माझं पान होतं, मला बघताक्षणी कळलं.

दादा उंबऱ्यात आडवा आला. "तुला कुणी बोलावलं?"

म्हटलं, "तू. दहाव्याला. आईला शब्द दिलास."

तर काय म्हणाला, ऐक. "तो कावळ्याला दिला होता. कावळा शिवला, विषय संपला. तुला कुठे काय बोललो होतो?"

आई, हे तुझ्या पोटचं पोर बोललं! सगळी गॅलरी कान देऊन उभी. आपल्या माणसांतलं कुणी चपला शोधायला लागलं, कुणी पंख्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "नुसता कावळाच होता तर त्याच्यापुढे हात कशाला जोडलेस? हाकलायचास ना, हाड हाड करून!" त्यावर त्याने खिशातून कायदा काढला. म्हणजे तोंडाने काढला, पण असा की जणू खिशातच ठेवला होता. "तू ज्या कायद्याने लग्न केलंस ना, त्यातच लिहिलंय. परधर्मात रजिस्टर लग्न केलं की माणूस कुटुंबातून तुटला. एकोणिसावं कलम. मी नाही तोडलं तुला. सरकारने तोडलंय."

वहिनी आतून म्हणाली, "अहो, पान वाढलंय, बसू द्या हो." तर दादा तरातरा आत गेला आणि ते पान त्याने दुमडलं. सांबार, खीर, वडे, सगळं आत घालून माझ्या डोळ्यांदेखत दुमडलं आणि कोपऱ्यात सरकवलं. तू वर भिंतीवर, हार घालून. आणि हसत होतीस! फोटो आहे, कळतं मला. पण इतका संताप आला तुझा की मी मागे न बघता जिना उतरले.

आज सकाळी मी ते कलम विचारायला कोर्टाजवळच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, कलम खरंच आहे. दोघांचे धर्म वेगळे असले की हिंदू घरातलं माणूस एकत्र कुटुंबातून वेगळं झाल्याचं धरतात. पण ते फक्त वडिलार्जित इस्टेटीपुरतं. "आणि त्या इस्टेटीत तुमच्यासारख्या मुलींना जन्माने वाटा नाहीच," त्या म्हणाल्या. बघ म्हणजे! जो वाटा मला मुळात दिलाच नव्हता, त्यातूनही मला तोडून ठेवलंय. मी विचारलं, "आई तुटते का हो कायद्याने?" त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "असं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही."

पण मग असं लिहून ठेवलंच कशाला? हिंदूशीच लग्न त्याच कचेरीत, त्याच टेबलावर केलं असतं तर मी तुटले नसते. म्हणजे सही तीच, शिक्का तोच, फक्त समोरच्याचं नाव अन्वर म्हणून मी वेगळी! आणि त्या नोटिशीचं आठवतं ना तुला? वांद्र्याच्या कचेरीत महिनाभर फळ्यावर आमची नावं, बापांची नावं, पत्ते, सगळं उघड्यावर टांगलेलं. कुणाला हरकत असेल तर सांगा! आम्ही लग्न करत होतो की गुन्हा? कुणीतरी ते वाचलं आणि नाक्यावरची मंडळाची पोरं आपल्या दारात येऊन बसली. "मावशी, पोरगीला समजवा. नाहीतर वाट लागेल." तू त्यांना चहा दिलास. आई, तू त्यांना चहा का दिलास?

तिकडे अन्वरच्या घरी तरी काय वेगळं! त्याच्या चुलत्यांनी काझी ठरवला, माझं नवं नावसुद्धा ठरवलं. कलमा पढ, सगळे तुला डोक्यावर घेतील. इकडे दादाच्या ओळखीचा एक शुद्धी करणारा, तो अन्वरला आठवड्यात हिंदू करून द्यायला तयार. दोघांपैकी एकाने बदलायचं, मग एका बाजूला पेढे आणि दुसऱ्या बाजूला सुतक. दोघांनी आपापलं राहायचं, हे मात्र कुणालाच झेपत नव्हतं. तो रोजे ठेवतो, मी संकष्टी करते. त्याच्या अम्मीने आम्हाला अजून घरात घेतलेलं नाही, कारण मी नाव बदललं नाही. म्हणजे या बाबतीत दादाचं आणि तिचं अगदी एकमत आहे. दोघांनी एकत्र बसून चहा घ्यायला हरकत नाही!

आणि हाच दादा पूर्वी रविवारी पेपर मोठ्याने वाचायचा, आठवतं? अमक्या देशात दुसऱ्या धर्माची प्रार्थना केली म्हणून माणसाला तुरुंगात टाकलं, तमक्या देशात धर्म सोडला म्हणून जिवावर उठले. "काय मागासलेली माणसं आहेत, आपल्याकडे असं नाही हो," म्हणायचा. तू निवडत असलेल्या तांदळातून मान वर करून "खरां हा" म्हणायचीस. तेव्हा मलाही खरंच वाटायचं. त्या पेपरवाल्याने एकदा आपल्या चाळीत यायला हवं होतं.

आता तुझं. तुला वाटलं असेल, सुटले. नाही सुटलीस.

लग्नानंतर तू मला भेटायचीस ती मार्केटात, सुक्या मासळीवालीपाशी. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. हातात सोडे घ्यायचे, वास घ्यायचा, मासळीवालीशी घासाघीस करायची आणि मधेच तिरकं बोलायचं, "बरी आसस मां गो?" मासळीवालीला वाटायचं तू तिलाच विचारतेस. ती म्हणायची, "बरी आहे मावशी, पण भाव कमी नाही व्हायचा." आणि आपण दोघी हसू दाबत उभ्या! जाताना माझ्या पिशवीत कोकमं किंवा कुळथाचं पीठ टाकून तू गर्दीत शिरायचीस. अन्वर एकदा आला होता तेव्हा तुला म्हणाला, "काकी, सोडे नको, आज बांगडो बरो आसा." तू चमकून बघितलंस. आपल्या खाडीपलीकडचाच तो, बोलणं तुझ्या माहेरचं. घरी जाताना तू मला म्हणालीस, "झील बरो आसा गो," पोरगा चांगला आहे म्हणून.

बरो आसा, तर मग आली का नाहीस घरी? दर वेळी मी म्हणायचे, आई, कुर्ला इथे आहे, एकदा ये. दर वेळी तू म्हणायचीस, "येतलंय गो, येतलंय." मी तुझ्यासाठी वेगळा पाण्याचा तांब्यासुद्धा घासून ठेवला होता, पितळेचा, तुला इथल्या भांड्यातलं चालेल न चालेल म्हणून. तो अजून फळीवर आहे. तू आली नाहीस. दादाला घाबरलीस, चाळीला घाबरलीस, आणि मेल्यावर कावळा होऊन हट्ट करून बसलीस! जिवंतपणी एकदा तरी असा हट्ट करायचास ना गं! चिंचेवर बसलीस तशी एकदा त्याच्यासमोर बसायचीस. म्हणायचं, शैली येईपर्यंत मी जेवणार नाही. तेव्हा त्याने ऐकलं असतं.

माफ कर. नको करूस. मला माहीत नाही.

आज दुपारी दार वाजलं. बघते तर वहिनी, हातात डबा. चार वर्षांत आपल्या घरातलं पहिलं माणूस माझ्या दारात! म्हटलं, "वहिनी, दादाला कळलं तर?" म्हणाली, "सांगून आलेय. लपून नाही आले." आणि मग म्हणाली, "काल मीसुद्धा जेवले नाही. तुमचं पान दुमडलं, मग माझ्या घशाखाली कसं उतरणार?" डब्यात कालचे वडे आणि सांबार. आम्ही तिघांनी जमिनीवर बसून खाल्लं. वहिनीने पाणी मागितलं तेव्हा मी फळीवरचा तांब्या काढायला गेले, तर ती म्हणाली, "ते कशाला, हा पेला आहे ना," आणि अन्वरच्याच पेल्यातून प्यायली. आई, एवढंच करायचं होतं. एक पेला पाणी.

म्हणून आता मी तुला शब्द देते. कावळ्याला नाही. कावळ्यावर माझा भरवसा नाही, तो बोलावलं की येतो आणि खाऊन जातो. तुला देते.

पुढच्या वर्षी तुझ्या तिथीला मी येणार. दार उघडं असो, बंद असो. पान वाढलं तर पंगतीत बसेन. दुमडलं तर त्याच उंबऱ्याशी, सगळ्या चाळीसमोर, पदरचा डबा सोडून जेवेन. त्याच्या पुढच्या वर्षीही येईन. आणि अन्वर पिठाच्या गिरणीपाशी उभा राहणार नाही, माझ्या शेजारी बसेल. दादाने पोलीस आणू दे नाहीतर कलम आणू दे. जेवून झालं की मी उष्टं काढेन, तुझा उंबरा पुसेन आणि मगच उठेन.

आपल्या घरात शब्द देणारे पुष्कळ झाले. तू दिलास, दादाने दिला. आता एक पाळणारी बघ.

कुठल्याच कलमाने न तुटलेली
तुझी शैला