बॉयलरवाल्याची सही

६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कारण सांगते, पण हसू नकोस. एक ओळ वाचली म्हणून.

लॉन्ड्रीचे वर्षाचे कागद भरायची वेळ आलीय. या महिन्याच्या आत कचेरीत गेले नाहीत तर नोंदणी रद्द आणि दुकानाला टाळं, हे मी तुला काय सांगायचं, तूच तर भरायचास. तिकडे कारखान्यात लागलास तेव्हा बॉयलरवाल्याच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गठ्ठाच आमच्या हातात ठेवलास. म्हणालास, माझ्या परवान्यावर चालवा, ठकीच्या संसाराला माझा तेवढाच आहेर. दर वर्षी हे त्यातला एक काढतात, तारीख घालतात, बाकीच्या कागदांना जोडतात आणि देऊन येतात. आता शेवटचा उरलाय.

या खेपेला हे म्हणाले, तू भर, तुझं अक्षर बरं आहे. माझी शाळा किती ते तुला माहीत. बोट ठेवून ठेवून वाचलं. तुझ्या सहीच्या वर छापलंय की बॉयलर पेटलेला असताना मी स्वतः त्याच्यापाशी हजर असतो. दादा, मी तिथेच थांबले. तू कुठे असतोस हजर? हजर हे असतात. तुझ्याकडे बघून बघून शिकलेत तेवढंच. आणि भिंतीच्या अलीकडे छोटी झोपलेली असते.

अजून एक. वरचा सेफ्टीचा व्हॉल्व्ह महिनाभर फुसफुसतोय. वाफ वाया जाते, चादरींना इस्त्री धड बसत नाही, म्हणून यांनी त्याच्या दांड्याला कोळशाची जुनी इस्त्री टांगलीय. आवाज बंद झाला. हे खूश. मला मात्र तो आवाज होता तेव्हाच बरं वाटायचं.

तू एक दिवस ये. तपासणीवाल्या साहेबासमोर उभा राहा, व्हॉल्व्ह बघ, जेवून परत जा. छोटीला दोन दात आलेत, पहिला चावा तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसा असू दे, थोडा जास्त झाला तरी चालेल.

तुझी,
ठकी

१३ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू रडतेस, मी हो म्हणून मोकळा होतो, आणि मग घरी तुझी वहिनी माझी हजेरी घेते.

पहिलं काम. हे पत्र हातात असेल तशी उठ आणि ती इस्त्री खाली उतरव. भावोजींना सांग, व्हॉल्व्ह फुसफुसतो तो बिघडला म्हणून नाही, आत दाब वाढतो म्हणून. तो ओरडतोय आणि यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. इतकी वर्षं वाफेशी खेळूनही त्यांना एवढं कळू नये? त्यांना सांग, कपडे जाळलेत तरी नवे मिळतात.

दुसरं, मला येता येणार नाही. इथे कारखान्यानं सगळ्या बॉयलरवाल्यांकडून लिहून घेतलंय की आमचं नाव दुसऱ्या कुठल्याच जागी लागलेलं नाही. मी लिहून दिलं, नाही. काय करणार होतो? एका परवान्यावर एकच जागा, हा नियम. आता तुमचा कागद कचेरीत गेला तर माझं नाव दोन ठिकाणी दिसणार. परवाना जाईल, नोकरी जाईल, दोन पोरं घेऊन तुझ्याच दारात येईन इस्त्री मारायला.

तेव्हा तो शेवटचा फॉर्म फाडून टाक. मी तो देऊन चूक केली, वाटलं होतं प्रेमानं देतोय. दुसरा परवानेवाला बघा, त्याला पगार द्या, त्याचं नाव लावा. माणूस मिळेपर्यंत भट्टी पेटवू नका. साध्या विजेच्या इस्त्रीवर जेवढं होईल तेवढं करा. माझ्या ठकीचे हात थोडे दुखतील, दुखू देत.

छोटीच्या दातांना माझं बोट उधार.

तुझा,
दादा

१९ मार्च

श्री. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र बायकोनं वाचून दाखवलं. तिला वाचायला लावलं म्हणजे मला ऐकायला लागणार, हे आपण ओळखूनच लिहिलेलं दिसतं. हुशार आहात.

इस्त्री काढली होती. दुसऱ्या दिवशी लॉजवाल्याच्या चादरी ओल्याच गेल्या. तो म्हणाला, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे देतो. त्यानं हात काढून घेतला तर दुकानात उरतं काय, आमचं दोघांचं तोंड. तेव्हा इस्त्री परत टांगली. बॉयलर मी रोज बघतो, त्याचं दाबाचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर असतं, काटा लाल खुणेच्या खालीच असतो. आपण शिकवलं होतं, लाल दिसलं की भट्टीतली लाकडं बाहेर ओढ. ओढतो.

कागद मी कालच भरून आलो. परवानेवाल्याला शोधायला गेलो होतो, खोटं नाही सांगत. जो भेटला त्यानं आमचा बॉयलर बघितला, पाइपांची जोडणी बघितली आणि विचारलं, हे कोणी बसवलं. मी अभिमानानं आपलं नाव सांगितलं. तो म्हणाला, मग त्यालाच बोलवा, मला यातलं काही कळत नाही, कुठला कॉक कुठे जातो ते देवाला ठाऊक. आणि गेला. आता बोला.

आपण मोठ्या कारखान्यातले, आम्ही गल्लीतले, मान्य. पण सही आपली आहे आणि आपण ती आपल्या हातानं केलीय. कचेरीत कोणी कोणाची नावं जुळवत बसत नाही. एक वर्ष निघू द्या. पुढच्या वर्षी नवीन माणूस ठेवतो, शब्द देतो.

राग नसावा. मेहुण्याचा राग मला परवडत नाही, घरात मलाच जेवण वाढलं जात नाही.

आपला,
भावोजी

२५ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

हे पत्र भावोजींना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच.

मी कचेरीला लिहून दिलं की त्या लॉन्ड्रीवर माझं नाव आहे ते खरं नाही, मी तिथे नसतो, ते काढा. आता तुमचे कागद परत येतील आणि भट्टी विझवायचा हुकूम निघेल. नोकरीसाठी केलं असं वाटेल तुला. थोडं त्यासाठीही आहे, खोटं कशाला बोलू. पण टांगलेल्या इस्त्रीचं वाचल्यापासून माझं इथल्या कामावर लक्ष नाही. तू म्हणशील, दुकान बुडवलंस. बुडू दे. तुम्ही तिघं धड राहिलात की दुकान परत उभं करू, मी येऊन भिंती रंगवून देईन.

काही दिवस तुझा फोन उचलणार नाही. उचलला तर तू एक हुंदका देशील आणि मी कचेरीत जाऊन अर्ज मागे घेईन. मी तेवढाच कच्चा आहे, तुला माहीत आहे. म्हणून तुझा नंबर आला की बाजूला ठेवणार. राग राग कर माझा.

छोटीचं अंथरूण त्या भिंतीपासून आजच्या आज हलव.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला पाच वेळा फोन लावला, म्हणून शेवटी लिहायला बसले. रागावले नाही. पहिल्या दिवशी रागावले होते, कपडे आपटून आपटून धुतले, बटणं तुटली. आता नुसती भीती वाटते.

कागद परत आले. वर शिक्का, परवानेवाला नसल्यामुळे नामंजूर. सोबत हुकूम की नवीन नाव लागेपर्यंत बॉयलर थंड ठेवायचा. कचेरीतल्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नीट माणूस शोधून नव्यानं भरा, उशिराचं आम्ही बघून घेऊ, घाबरू नका. मी घरी येऊन यांना तसंच सांगितलं. हे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि पहाटे शटर आतून खाली ओढून भट्टी पेटवतात. म्हणतात, लॉजवाल्याला हुकूम दाखवून चादरी वाळत नाहीत. तुझं नाव काढलं की उठून चादरी मोजायला लागतात.

छोटीला मी पुढे काउंटरवर झोपवते, घडी केलेल्या चादरींत. मला हाताशी असावं म्हणून काहीतरी सांग. आतलं पाणी दाखवणारी काच कुठवर भरलेली हवी? विझवायचं झालं तर आधी काय करायचं? तू बसवलंस ते तुलाच कळतं. मी शिकेन, बोट ठेवून वाचलं तसं. लवकर लिही. नाहीतर फोन उचल, मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकेन.

लोभ मागायची आज लाज वाटते, तरी मागते.

तुझी,
ठकी

६ एप्रिल, सकाळ

जो कोणी कपडे न्यायला किंवा टाकायला येईल त्याला,

शटर उघडू नका. हात लावू नका. आत बॉयलर पेटलेला आहे.

पाण्याची काच फुटली आणि वाफ यांच्या तोंडावर आणि हातांवर आली. मी ओढून बाहेर काढलं. गाडी आलीय, त्यांना दवाखान्यात नेताहेत, मी छोटीला घेऊन सोबत जाते. लाकडं ओढायला मी परत आत गेले होते, थोडी निघाली, पुढे जाता येईना, काही दिसत नाही. आत पाणी किती आहे ते काच नसल्यामुळे कळत नाही. कोणी वरून पाणी मारू नका, भाऊ म्हणायचा तापलेल्या रिकाम्या बॉयलरवर पाणी कधी नाही.

बंबवाल्यांना कळवलंय. ते फोनवर विचारत होते वाफ कुठून बंद होते, कुठला कॉक कुठे जातो. मला सांगता आलं नाही. ही जोडणी माझ्या भावानं त्याच्या हातानं केलीय, दुसऱ्या कोणाला माहीत नाही. शेजारच्या दुकानांना बाहेर काढा, त्यांच्याकडे मुलं आहेत.

त्याचा नंबर खाली मोठ्या अक्षरात लिहिलाय. माझा नंबर दिसला की तो उचलत नाही, आत्ताही नाही उचलला. तुमचा त्याला ओळखीचा नाही, तुमचा उचलेल. त्याला सांगा ठकीच्या दुकानातून बोलतो, आणि फोन बंबवाल्यांच्या हातात द्या. हे वाचणारे तुम्ही कोणीही असा, माझ्या भावाला फोन करा.