दोन्याचा रंग

४ नोव्हें.
आज मधुरा दुकानात आली. त्याच्यासोबत. सारंग. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बँकेत साहेब. डिसेंबरात लग्न. अख्ख्या चेरीताल मोहल्ल्याला कळल्यावर मला कळलं.
कॉलेज सोडून काकाच्या पेंटच्या दुकानात बसलो तेव्हा म. म्हणाली होती, "आधी काही बन, मग बोल." बनेपर्यंत थांबली नाही.
बेडरूमचा रंग पाहिजे. त्यांच्या बेडरूमचा.
तो म्हणे, "भैया, डार्क दाखवा, पण वॉर्म. ग्रे नको." मी भैया!
म.नं पर्समधून पानांचा सुकलेला दोना काढला. "निखिल, अगदी असा पाहिजे."
नर्मदेच्या ग्वारीघाटचा दोना, दिवा ठेवून पाण्यात सोडतात तो द्रोण. मागच्या कार्तिकात तिथंच आम्ही दोघांनी मिळून एक दिवा सोडला होता. म्हणजे विसरली नाही. त्याच्यासमोर मला सांगून राहिली!

५ नोव्हें.
मशीनमध्ये कोड टाकला की रंग तयार. पण कोडचा रंग कोणीही उचलून नेईल. हातानं कालवला. लाल, पिवळा, काळा, थेंब थेंब. पुठ्ठ्यावर लावायचा, सुकवायचा, दोन्याजवळ धरायचा. ओला फिका दिसतो, सुकला की गडद होतो.
दुपारी जमला. काळा नाही, चॉकलेटीही नाही. विझलेल्या चुलीत हात घातला की आत ऊब लागते, तसा.
काका : "कोड लिहिला का, हीरो?"
हातचा आहे, कोड कुठला.
"अन् कमी पडला तर? दुसऱ्यांदा हाच रंग येतो का रे, गधड्या?"

८ नोव्हें.
पेंटरसोबत मीही सारंगच्या घरी गेलो, काम नसताना. खोली चांगली आहे, हेच वाईट. खिडकीत पेरूचं झाड. पलंग अजून आला नाही. बरं झालं.
तीन भिंती झाल्या. त्याची आई दारातून, "नव्या सुनेच्या खोलीत असा अंधार काहून करून राहिले रे?"
तो म्हणाला, "आई, तिला आवडला ना? बस." चिडायलाही जागा ठेवत नाही साला.
म. रंग बघायला आली होती, तीच चहा घेऊन आली. हळूच विचारलं, दोना वर्षभर जपला ना?
"वर्षभर? अरे, मागच्या रविवारी सारंगसोबत गेले होते घाटावर. सोडायचा राहिला."
चहा तसाच ठेवला.
उरलेला डबा जिन्यात होता. लाथ मारली. सगळा रंग पायऱ्यांवरून अंगणापर्यंत. "पाय लागला," म्हणालो. तो फडकं घेऊन धावला, वर मलाच विचारतो, "लगा तो नहीं, भैया?"
म.नं माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

१० नोव्हें.
चौथी भिंत राहिली. पलंगाच्या उशाकडची. रंग जुळत नाही. एक पुठ्ठा लालसर, एक शेणासारखा. काका दिवसभर सुनावून राहिले.
वाटतं, न जुळो. राहू दे त्यांच्या उशाशी पांढरी भिंत, जन्मभर. मग वाटतं, बाकीच्या तीन तर माझ्याच. त्यांच्यातच झोपेल ती. त्याच्या शेजारी.
जेवलो नाही.

१२ नोव्हें.
म. एकटी आली. पुठ्ठे उलटसुलट केले. "यातला एकही तो नाही. मुद्दाम करून राहिला का रे?"
सांगून टाकलं, डबा मुद्दाम सांडला होता. हे मुद्दाम नाही. खरंच जमत नाही.
वाटलं, आता भडकेल. तर पुठ्ठ्याकडेच बघत म्हणाली, "तो दोना सोडायचा राहिला नव्हता, निखिल. सारंगनं दिवा लावला, चल म्हणाला. माझ्याच्यानं सोडवला नाही."
म्हणजे? विचारेपर्यंत काऊंटरवरचा दोना उचलून पर्समध्ये. "चलो, येते."
आता रंग कशाशी जुळवू? अन् काहून नेला?

१४ नोव्हें.
सकाळी सारंगचा फोन. "भैया, टेन्शन घेऊ नका. त्या भिंतीला क्रीम मारून टाका, चांगलं दिसेल." प्रेमानं बोलतो. तेच टोचतं.
क्रीमचा डबा गाडीला बांधला. निघणार, तेवढ्यात म.चा मेसेज. "क्रीम मारू नको. दुकानात थांब. दोना घेऊन येते."
डबा गाडीवरून सोडून घेतला. काका ओरडले, "जाऊन राहिला की येऊन राहिला?"
सगळे पुठ्ठे काऊंटरवर मांडले. पुन्हा उचलले. कशाला मांडायचे? ती रंगासाठीच येऊन राहिली का, तेही...
बाहेर स्कूटी थांबली. एकटी आहे, की मागं तोही आहे? वही ठेवतो, बघतो.