पूर्वीची चुसणी आणि होळीचा वायदा

निजामपुरा, बडोदे

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या सुभानचा दंडवत.

पुण्याच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे दुर्गाची कंबर आणि माझी बत्तिशी सोडली तर सगळं ठीक. (बत्तिशी नवी आहे, अजून घरात रुळायची आहे.) फोन सोडून पत्र का, म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारी आमची सूनबाई बसलेली असते, म्हणून.

आमचा उत्कर्ष आणि नीरजा दिवाळीत नोकरीसाठी तुमच्याकडे आली, ती आपल्या लेकीला, पूर्वीला, आमच्या पदरात टाकून. तिथल्या बालवाडीत रबरी चुसणी चोखणारं मूल घेत नाहीत, तेव्हा आबा, तेवढी चुसणी सोडवा, सुटली की होळीला येऊन तिला घेऊन जातो, असा नीरजाचा हुकूम. आपलं घराणं शिपाईगड्यांचं, हुकूम आला की कामाला लागायचं. दुर्गाने चुसणीला काडेचिराइताचा काढा फासला. पण हिनेच पोरीला वळण लावलेलं, काहीही तोंडात घालण्याआधी आबांना द्यायचं. पोरीने चुसणी हुंगली आणि वळणाला जागून माझ्या तोंडात दिली. नातीचा हात मागे कसा सारायचा? चोखली. दिवसभर चहासुद्धा कडू लागला, आणि मी चोखून साफ केलेली चुसणी पूर्वीने मजेत घेतली.

मग उतराणीला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, मी डोकं चालवलं. चुसणी पतंगाला बांधून देवबाप्पाकडे पाठवायची. पूर्वीने स्वतः टाटा केलं. ओझ्याने पतंग झिंगल्यासारखा डुलत होता, तरी चढला. (मांजा मी स्वतः घोटलेला.) तेवढ्यात दोन गच्च्या पलीकडच्या पीयूषभाईंनी पेच लावून तो कापला, आणि चुसणी उतरली ती त्यांच्याच उंधियोच्या पातेल्यात. माणूस सज्जन. चुसणी धुऊन, सोबत वाटीभर उंधियो घेऊन दारात हजर, "लो काका, तमारी चूसणी." देवबाप्पाला दिलेली वस्तू खाऊसकट परत येते, असा पोरीचा पक्का समज झाला. शिवाय चुसणीला आता उंधियोतल्या मेथीच्या मुठियांचा वास येतो, त्यामुळे ती जास्तच गोड लागते.

तेव्हा नीरजाला तुझ्या पद्धतीने समजाव. चुसणी चिवट आहे, होळीची घाई नको. बालवाडी जूनला उघडते, तोवर पोर इथेच बरी. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही.

तुझा,
सुभान

ता. क. तुझ्याशी खोटं बोलून घास उतरत नाही. चुसणी केव्हाच सुटली. एके सकाळी पूर्वीने ती देव्हाऱ्यात बाळकृष्णापुढे ठेवली आणि खेळायला गेली, पुन्हा मागितली नाही. व्हिडिओ कॉल आला की मीच ती तिच्या तोंडात देतो. परवा तिने "आबा, घाण" म्हणत ती माझ्याच तोंडात दिली, तेव्हा मी फोन छताकडे फिरवला. काय करू अक्का? संध्याकाळी गच्चीवर माझं बोट धरून ती बाजव्याकडच्या रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत बघते. तिला बाप्पाचा दिवा म्हणते, आणि मलाही हात जोडायला लावते. एकट्याने तिथे उभं राहून मी कशाला हात जोडू?

आणखी ता. क. पत्र बंद करणार, तेवढ्यात नीरजाचा व्हिडिओ कॉल आला. पूर्वीला सर्दी आहे. नीरजा बोलता बोलता सारखी मोबाइलची काच पुसत होती. मी म्हटलं, काच खराब झाली असेल. दुर्गा म्हणाली, "काच नाही हो, ती तिथून पोरीचं नाक पुसतेय."

तर वरचं काही नीरजाला सांगू नकोस. (एवढं सगळं पुन्हा लिहायचा धीर नाही, म्हणून तसंच धाडतोय.) चुसणी सुटली, होळीला या, एवढंच सांग. फक्त ती चुसणी कुठे आहे ते कुणी विचारू नये. माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. सदरा धुवायला टाकताना दुर्गा ती काढून माझ्या उशाशी ठेवते.