विधवा हजर नाही

अमरावती, चैत्र शुद्ध तृतीया

उत्तमराव भाऊजींस,

तुमचं पत्र आणि पांढरं लुगडं पोचलं. लुगड्याचे पैसे तुमचे गेले असतील. पत्र मात्र बैरंग टाकलंत, त्याचे दोन आणे डाकवाल्याला मी मोजले.

तुम्ही लिहिता, विधवेनं सहा महिन्यांच्या आत अकोल्याच्या कचेरीत साहेबासमोर उभं राहावं असा कंपनीच्या फंडाचा नियम आहे. मी अजून आले नाही; रामनवमीला मुदत संपली की पेनशन बंद.

मी येणार कशी? तुमच्या दादांच्या तेराव्याला तुम्हीच म्हणालात, "वयनी, सालभर उंबरठा वलांडू नका. कचेरीचं मी पाहून घेतो न!" त्या कचेरीचे कारकून तुम्हीच. वहीत "विधवा हजर नाही" लिहिणारेही तुम्हीच. आणि विधवा आली नाही तर जमा रक्कम भावाला मिळते, हे मला आज कळतंय.

तुमचे दादा आठ वर्षं पगारातून वर्गणी भरत होते. कोण किती वर्षं जगेल याचा विलायतेतल्या साहेबानं केलेला तक्ता ते मला वाचून दाखवायचे. तिशीतली विधवा आणखी सत्तावीस वर्षं जगेल, असं धरून ती वर्गणी ठरली होती. विलायतेतल्या परक्या माणसानं मला सत्तावीस वर्षं दिली. तुम्ही घरचे, सहा महिन्यांत मारून मोकळे झालात! अंबादेवी पाहते आहे.

साहेब कोणत्या दिवशी कचेरीत बसतात, ते उलट टपाली कळवा.

तुमची जिवंत वहिनी,
द्वारका

ता. क. हे पत्र टाकत नाही. दिवस तुम्ही चुकीचाच कळवाल. बैलगाडी सांगितली आहे, उद्या निघते. तुमचंच लुगडं नेसून येईन, म्हणजे ओळखायला अडचण नको.