पाचवी वायर

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारायचं थांबलं का? काकांचा खोकला काय म्हणतोय? मी ठणठणीत आहे. (झोप उडालीय, पण ती काही आजारात धरत नाहीत.)

तुला ठाऊकच आहे, आमच्या रॉक बँडचा मॅनेजर मी आणि कीबोर्डवालाही मीच. गेली सहा वर्षं हॉल मी ठरवतो, टेम्पो मी बोलावतो, गायकाच्या घशासाठी गरम पाणी मी आणतो आणि पडदा उघडायच्या आत शर्ट बदलून कीबोर्डमागे उभाही मीच राहतो. (बाकीचे चौघं नुसतं गातात-वाजवतात, तरी दमतात बिचारे.) तर मागच्या आठवड्यात एका नव्या हॉलच्या साउंडवाल्यानं फोन करून विचारलं, की साहेब, यादीत चारच वायरी आहेत, कीबोर्डची कुठाय? यादी म्हणजे, स्टेजवरून कोणाकोणाची वायर मोठ्या स्पीकरला जोडायची, तो कागद. प्रत्येक हॉलला आधी धाडावा लागतो. सहा वर्षांपूर्वी मीच टाइप केला: गायक, गिटार, बेस, ड्रम. खाली मॅनेजर म्हणून माझीच झोकदार सही. अगं, स्वतःला मोजायलाच विसरलो मी! आणि साउंडवाले कागदाबाहेर बोट हलवत नाहीत. माझ्या पायाशी माझा छोटा स्पीकर असतो, त्यामुळे मला (ड्रमच्या दणदणाटात फक्त मलाच) सगळं छान ऐकू यायचं. हॉलमध्ये मात्र सहा वर्षं ढिम्म काही नाही. मी आपला घामाघूम होऊन डोळे मिटून वाजवतोय!

कहर म्हणजे बँडमध्ये एकालाही पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तालमीत मोठ्या स्पीकरला वायर जोडली, तर गायक मधेच थांबून विचारतो, "हे काय वाजतंय?" ड्रमवाला (याला आम्ही भूकंप म्हणतो) म्हणाला, आधीचंच बरं होतं. खोटं कशाला सांगू, रडू आलं मला. मग सगळ्यांनी मिळून मॅनेजरला गळ घातली, की कीबोर्डवाल्याला समजाव. मॅनेजरनं समजावलं. कीबोर्डवाला बधला नाही. शेवटी ठरलं, चौदा तारखेचा एक कार्यक्रम वायर लावून करायचा; लोकांनी नाकं मुरडली तर कीबोर्ड कायमचा बंद आणि मी फक्त गरम पाण्यापुरता. पण मीही हट्टाला पेटलोय. यादीत पाचवी ओळ घातली, खाली लाल रेघ मारली. रोज सकाळी तीन तास घासतोय. शेजारीण धाडकन खिडकी लावते. लावू दे, म्हणजे ऐकू तरी येतंय! सहा वर्षांत पहिली श्रोती मिळाली.

तुझा हट्टी भाचा

ता. क. : पत्राचं खरं कारण. दर कार्यक्रमानंतर तू माझा हात धरून म्हणायचीस, बाकीच्यांचं काही कळलं नाही रे, पण तुझं वाजवणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. मावशी, काय ऐकायचीस गं तू?

ता. क. २ : राहू दे, उत्तर धाडू नकोस. काका बोलून गेलेत, की ड्रमचा त्रास होतो म्हणून तू मशीन काढून पर्समध्ये ठेवतेस. चौदाला पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवलीय. या वेळी मशीन लावून बस. नाहीच सोसलं तर खुशाल काढ; मी वाजवायचा थांबणार नाही.