लिरिकमधल्या दोन खुर्च्या

मी, डिम्पना मॅकेंटी, कै. युजीन मॅकेंटी यांची विधवा, वय पंच्याहत्तर, राहणार चर्च स्ट्रीट, ड्रमकिल, परगणा मोनाहन, आयर्लंड, माझ्या मागे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नको असे मात्र एकदोघांनी सुचवून पाहिले. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते आजपासून रद्द समजावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील फर्गल डूगन यांनी करावी. ते म्हणाले, "डिम्पनाबाई, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात." मी म्हटले, "कारणं दिली नाहीत तर लोक स्वतःची घालतात. तुम्ही या गावात नवीन आहात." ते इथे वीस वर्षे आहेत. त्यांनी कायद्याचे शब्द तपासले आहेत, बाकीचे माझे आहेत.

कलम पहिले. मला युजीनच्या शेजारी पुरावे. जागा आधीच घेतलेली आहे. एक रात्र घर उघडे ठेवावे, येणाऱ्यांना चहा आणि हॅमचे सँडविच द्यावे. माझ्याविषयी कोणी भाषण करू नये.

कलम दुसरे. राहते घर, मागचे अंगण आणि घरातील सामान माझा भाचा डेक्लन याला द्यावे. डेक्लन हा युजीनच्या बहिणीचा, कॉन्सेप्टाचा मुलगा. तो टायर विकतो. मला मूल नाही, आणि माझी पन्हळ गेली पंधरा वर्षे त्यानेच साफ केली आहे. स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतल्याशिवाय बसत नाही, हे त्याला माहीत आहे. त्याच्या बायकोला सांगावे.

कलम तिसरे. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. बहुतेक तिथूनच रद्दीच्या भावात घेतलेली आहेत, तेव्हा ती घरी परत जातील. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढचे जे काही शिकले ते लिरिक या आमच्या पिक्चरच्या हॉलच्या तिकीटखिडकीत बसून, पहिला खेळ सुरू झाल्यापासून दुसऱ्या खेळाची रांग लागेपर्यंत. वाचता वाचता एकदा कळले की स्वीडनमध्ये पिक्चरमधली मारामारी कापत आणि उघडे अंग राहू देत, आणि आमच्याकडे बरोबर उलटे. ज्या देशाला ज्याची भीती, ते तो कापतो. आमच्या देशाला ओठांची भीती होती.

कलम चौथे. लिरिकमध्ये जागा दाखवण्यासाठी वापरायची ती मोठी विजेरी, नवे सेल घालून, माझी नणंद कॉन्सेप्टा हिला द्यावी. ती आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. तरुणपणी ती आमच्याकडे अंधारात लोकांना जागेवर नेऊन बसवायचे काम करी, आणि बसलेल्यांवर मध्येच उजेड टाकण्याची तिला हौस होती. शेवटच्या रांगेतली अर्धी लग्ने तिने मोडली आणि उरलेली अर्धी घाईने लावून दिली. याहून अधिक तिच्याबद्दल सातव्या कलमात येईल.

कलम पाचवे. कॅनन टिअर्नी, आमच्या गावचे मोठे पाद्री, १९७४ साली वारले. त्यांच्या आत्म्यासाठी माझ्या खर्चाने चर्चमध्ये एक मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, व्हावा. मी त्यांना क्षमा केली आहे असे नाही. पण ते जिथे असतील तिथे त्यांना कोणी एकटे बसवून ठेवू नये, एवढी माझी इच्छा आहे. असे का लिहिले ते पुढे कळेल.

कलम सहावे. पतपेढीत जे असेल त्यातून अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते लिरिकच्या छताला लावावे.

कलम सातवे. लिरिक पिक्चर हाऊस, म्हणजे मेन स्ट्रीटवरचा हॉल, आतील खुर्च्या, पडदा आणि वरची मशीनची खोली, याबद्दल.

हा हॉल युजीनच्या वडिलांनी बांधला आणि युजीनने चालवला; वरचे मशीनही तोच चालवी. मी या गावात तिकिटे फाडायला आले ती अठरा वर्षांची. त्या वेळी डब्लिनहून पिक्चर येत ते आधीच कातरलेले असत. माणूस दारातून आत यायचा आणि एकदम टेबलाशी जेवत असायचा. मधले काय झाले ते ज्याने त्याने समजून घ्यायचे. लोक लाकडी फरशीवर पाय आपटत. पुढच्या बाकांवरून कोणीतरी ओरडे, "आला गं बाई सेन्सॉर, जेवून गेला." ओल्या कोटांचा वास, सिगारेटचा धूर, संत्र्यांच्या साली, आणि शेवटी राष्ट्रगीत लागायच्या आत दार गाठण्याची पळापळ.

डब्लिनच्या कात्रीतून जे सुटे ते कॅनन टिअर्नींच्या तावडीत सापडे. ते स्वतः पिक्चर बघत नसत. त्यांनी नियम घालून दिला होता: पडद्यावर दोन चेहऱ्यांच्या मध्ये प्रार्थनेचे पुस्तक मावेल एवढे अंतर राहिले नाही, की युजीनने लेन्ससमोर हात धरायचा. युजीनने त्यांना विचारले होते, "फादर, पडद्यावर माणसाचं डोकं गायीएवढं दिसतं. पुस्तक कुठल्या मापाचं धरू?"

"तुझ्या सदसद्विवेकाच्या मापाचं धर," कॅनन म्हणाले.

नाही धरला असता, तर रविवारी वेदीवरून दोन वाक्ये आली असती आणि हॉल महिनाभर रिकामा राहिला असता. म्हणून युजीन हात धरी. पडदा पूर्ण काळा होत नसे, करडा होई. बोटांच्या फटींतून उजेडाच्या रेघा गळत. आवाज मात्र चालूच असे. सगळे गाव कान देऊन बसे. "युजीन, हात काढ रे!" "काढू नको, नखं बघून घेऊ दे, धुतली का!" अशी मजा चाले. मी मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला बसून त्या रेघा पाही. तो चिडलेला असला की बोटे घट्ट असत. खुशीत असला की फट जरा मोठी होई. लग्नाआधी त्याचा हात मी हातात घेतला नव्हता, पण तो मला पाठ होता.

आमचे लग्न झाले आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिकीटखिडकी बंद करून मी त्याच जागेवर बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर माझा कोट ठेवायची, युजीनसाठी. शेवटचे रीळ मशीनवर चढवले की मशीनवाल्याला फारसे काम नसते. दुसऱ्या गावांतले लोक खाली येऊन बसत. पण चुंबन बहुतेक वेळा शेवटच्या रिळातच असते. त्यामुळे युजीनला हात धरायला वरच थांबावे लागे. पिक्चर संपे, लोक पळत, मी कोट उचले.

कोणी जागेचे विचारले तर मी म्हणे, "माणूस आहे." गावातली मार्गी केव्हन तिचे पावसात भिजलेले पोर घेऊन उभी राहून म्हणाली होती, "डिम्पना, तुझा माणूस वर आहे, खाली कोट आहे. मला सांग, लग्न कोणाशी लागलंय तुझं?" मी पोराला मांडीवर घेतले, पण कोट उचलला नाही.

१९६३ च्या वसंतात एक पिक्चर आला. त्याचे नाव मी वकिलांकडे दिले आहे. बंदरगावातली मास्तरीण आणि एक होडी बांधणारा. शेवटी ती हातात बॅग घेऊन त्याच्या दारात उभी राहते, तो तिच्याकडे चालत येतो, आणि पुढच्या क्षणी तो एकटा बसून अंडे खात असतो. एवढेच. ती मेली असे कॉन्सेप्टाचे म्हणणे. बेकरीवाला म्हणे, बोटीने गेली. आठवडाभर गावात पावाबरोबर हाच वाद विकला जात होता.

युजीन म्हणाला, "सीमेपलीकडे न्यूरीत तोच पिक्चर दहा मिनिटं मोठा आहे म्हणे." तिकडे राणीचे, म्हणजे ब्रिटनचे राज्य; सेन्सॉर तिथेही होता, पण त्याची कात्री वेगळ्या जागी चाले. आम्ही गुरुवारी, हॉल बंद असायचा त्या दिवशी, बसने गेलो. न्यूरीच्या त्या हॉलमध्ये खुर्च्यांना मखमल होती. लग्नाला पाच वर्षे झाली होती आणि आम्ही पहिल्यांदा शेजारी शेजारी बसून पिक्चर पाहत होतो. मी माझा कोट मांडीवर घेतला. तो सारखा मागे वळून मशीनच्या खिडकीकडे बघत होता. "फोकस जरा सुटलाय," म्हणाला. मी म्हटले, "गप बस. आज तू गिऱ्हाईक आहेस."

ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. तो चालत आला. चेहरे जवळ आले, पुस्तक मावेना, आणि युजीनचा हात वर आला. सवयीने. त्याच्याही नकळत. तो थेट माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबला.

मागून एक बाई म्हणाली, "अहो, बायकोला बघू द्या की, तिने पैसे मोजलेत." आजूबाजूचे हसले. युजीनने हात खाली घेतला तेव्हा पडद्यावर बोट धक्क्यावरून सुटत होती. तो कानापर्यंत लाल झाला होता. मी त्याचा हात धरला आणि पिक्चर संपेपर्यंत सोडला नाही. राणीचे गीत लागायच्या आत आम्ही बाहेर होतो. परतीच्या बसमध्ये जकातीचा शिपाई चढला, "तिकडून काही आणलंय का?" मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "डोळ्यांत आणलंय थोडं. त्यावर कर आहे का?" युजीन तेव्हा पहिल्यांदा हसला.

कॉन्सेप्टाने ही गोष्ट कॅननना सांगितली. रविवारी ते वेदीवरून म्हणाले की काही हात इथे झाकतात आणि सीमेपलीकडे उघडतात. नाव घेतले नाही. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. कॉन्सेप्टा मला म्हणाली, "मी आपणहून नाही गेले. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं." मी म्हटले, "त्यांनी काय विचारलं?" ती म्हणाली, "काय नवीन, म्हणाले." आम्ही पुन्हा न्यूरीला गेलो नाही.

कॅनन वारल्यावर नव्या पाद्र्याने नियम सोडून दिला. तोपर्यंत घरोघरी टीव्ही आला होता आणि हात खाली आला तेव्हा समोर मोजकी डोकी होती. मी एकदा म्हटले, "युजीन, शेवटच्या रिळाला खाली ये आता." तो आला. दाराशी उभा राहिला. मी कोट उचलला. तो म्हणाला, "इथून फार जवळ दिसतं गं," आणि पुन्हा वर गेला. मी त्याला दोष देत नाही. एवढी वर्षे वर राहिलेल्या माणसाला खाली बसवत नाही. मी कोट परत ठेवला. १९८४ मध्ये हॉल बंद झाला आणि १९९६ मध्ये युजीन गेला.

आता कॉन्सेप्टाकडे मी दर रविवारी जाते. तिथल्या टीव्हीवर सगळे काही दाखवतात. मी म्हणते, "बघ कॉन्सेप्टा, काय चाललंय." ती म्हणते, "माझा चष्मा नाहीये." चष्मा तिच्या नाकावर असतो. मग ती माझ्या खांद्यावर झोपते आणि मी जेवणाची घंटा होईपर्यंत हलत नाही.

डेक्लनला हा हॉल टायर ठेवायला हवा आहे. त्याने ते लपवलेले नाही. "मामी, तिथे आता फक्त कबुतरं पिक्चर बघतात," तो म्हणतो. मी म्हणते, "मग तिकिटं लावू." दुसरीकडे वाचनालयातली उना ब्रॅनिगन आहे. ती दर महिन्याला चर्चच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून लोकांना पिक्चर दाखवते, आणि येणारे बरेचसे माझ्यासारखे एकेकटेच येतात. गेल्या हिवाळ्यात तिने तो न्यूरीचा पिक्चर तबकडीवर शोधून आणला. मी आठवडाभर ठेवून घेतला आणि न बघता परत केला. ती म्हणाली, "का हो? एवढी वर्षं थांबलात ना?" एकटीने बघायचा असता, तर मी केव्हाच बघितला असता.

म्हणून हा हॉल मी उनाच्या फिल्म मंडळाला देते. मंडळाला तो तीन वर्षे चालवता आला नाही, तर तो डेक्लनला जावा, टायर ठेवावेत, आणि त्याबद्दल कोणी कोणाला नावे ठेवू नयेत. पण दोघांनाही एक अट बंधनकारक आहे. काहीही करण्याआधी तिथे एक खेळ व्हावा. तोच पिक्चर, एकही चौकट न कापता. तिकीट नको. कॉन्सेप्टाला चाकांच्या खुर्चीवरून आणावे, विजेरी तिच्या हातात द्यावी, तिला जिथे टाकायचा तिथे उजेड टाकू द्यावा. लेन्ससमोर कोणी हात धरू नये. आणि मशीन जो कोणी सुरू करेल त्याने शेवटाआधी खाली येऊन आपल्या माणसाशेजारी बसावे. उना म्हणते नवे मशीन आपोआप चालते. तेव्हा सबब उरत नाही. माणूस नसेल तर कोणा एकट्याशेजारी बसावे.

कलम आठवे आणि शेवटचे. माझा तपकिरी लोकरी कोट. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे आणि अजूनही मी कधीकधी तिथे जाऊन बसते, तेव्हा कोट मागच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर असतो. मी वारल्यावर तो तिथे सापडण्याची शक्यता आहे. तो धुऊन ज्याला थंडी वाजत असेल त्याला द्यावा. मात्र त्या खेळाआधी तो उचलावा. डावीकडच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि जागेचे कोणी विचारलेच तर "माणूस आहे" असे सांगावे.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली नावे असलेल्या दोघांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. यात त्यांना काहीही मिळणार नाही हे त्यांना आधीच सांगितले आहे, चहा मिळाला.

सही: डिम्पना मॅकेंटी

साक्षीदार:
पोलीन ट्रेनर, औषधविक्रेती, मेन स्ट्रीट, ड्रमकिल
मालाकी रूनी, निवृत्त बसचालक, स्टेशन रोड, ड्रमकिल

ठिकाण: ड्रमकिल, परगणा मोनाहन
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१२, गुरुवार